हाराचा भाव आणि युरियाची गोणी
(मंडळाच्या वार्षिक व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला सांगितले, "तुम्ही सरकारी खात्यात आहात, काहीतरी उपयोगाचे बोला." मी काही अर्थशास्त्रज्ञ नाही. माझ्याकडे कृषी पदविका आहे आणि राज्य सरकारच्या शेती खात्यात वीसेक वर्षांची नोकरी आहे. त्यामुळे जे पुस्तकात वाचले त्यापेक्षा जे बांधावर आणि खताच्या दुकानासमोर पाहिले, तेच सांगणार आहे. आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ही माझी वैयक्तिक मते आहेत, खात्याची नव्हेत. नाहीतर उद्या साहेब विचारतील.

सुरुवात बाप्पापासूनच करू. गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी आपण जास्वंदीचा हार, दुर्वा आणि केवडा आणायला बाजारात जातो. एरवी वीस रुपयांना मिळणारा हार त्या दिवशी साठ रुपये. आपण फूलवालीशी हुज्जत घालतो, "मावशी, लुटता काय?" ती म्हणते, "घ्यायचा तर घ्या, उद्या सकाळी ऐंशी होईल." आणि गंमत म्हणजे, सणाची गर्दी सरली की तोच हार पंधरा रुपयांत देते.

मावशी चतुर्थीला दुष्ट होते आणि चार दिवसांनी सुधारते, असे नाही. चतुर्थीला हार मागणारी घरे दहापट होतात, फुले मात्र एका रात्रीत दहापट उमलत नाहीत. मागणी वाढली, पुरवठा तेवढाच राहिला की भाव चढतो. चढलेला भाव दोन कामे करतो. ज्याला तीन हार हवे होते तो एकावर भागवतो, आणि दूरच्या गावातला फूलवाला म्हणतो, "आज सुरतेला टेम्पो नेला तर परवडेल." म्हणजे भाव हा नुसता आकडा नसतो, तो निरोप असतो. घेणाऱ्याला सांगतो "जपून वापर" आणि विकणाऱ्याला सांगतो "घेऊन ये".

आता समजा, आपल्या मंडळाने बाजारात पाटी लावली, "कोणत्याही दिवशी हार वीस रुपयांनाच विकावा." हेतू चांगला आहे, गरिबाच्या घरच्या बाप्पालाही हार मिळावा. पण होईल काय? टेम्पो येणार नाही. जे हार आहेत ते सकाळी सहालाच संपतील. पहाटे रांगेत उभा राहू शकतो त्याला मिळेल, पहिल्या पाळीला गेलेल्याला मिळणार नाही. एखादा जण दहा हार घेऊन कोपऱ्यावर सत्तरला विकेल. आणि मावशी वीस रुपयांच्या हारात फुले कमी, दोरा जास्त घालेल. भाव दडपला की टंचाई नाहीशी होत नाही. ती रांगेत, ओळखीपाळखीत, काळ्या बाजारात आणि मालाच्या दर्जात जाऊन बसते. अर्थशास्त्राचा निम्मा धडा एवढाच.

याची दोन उदाहरणे आपल्याच घरातली आहेत.

पहिले मुंबईचे. आपल्यापैकी कितीतरी जणांचे मामा-काका गिरगाव, परळ, दादरच्या चाळीत राहिले. मुंबई इलाख्याचा भाडे नियंत्रण कायदा १९४७ चा. त्याने भाड्याची पातळी १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधून ठेवली. तेव्हा सुरतही मुंबई इलाख्यात होती, म्हणून तो कायदा इकडेही लागू झाला. युद्धानंतरच्या महागाईत गिरणी कामगार रस्त्यावर येऊ नये, हा हेतू योग्यच होता. पण वर्षामागून वर्षे गेली, भाडे तिथेच राहिले. ज्या खोलीचे भाडे चहा-पाण्याच्या खर्चाहून कमी, तिचा जिना मालक कशाला दुरुस्त करील? आणि नव्या माणसाला खोली हवी असेल तर त्याने काय करायचे? पागडी द्यायची. म्हणजे भाडे कागदावर स्वस्त आणि टेबलाखालून महाग. आत असलेल्याचे भले झाले, बाहेर असलेल्याला दार बंद झाले. महाराष्ट्राने नवा कायदा १९९९ मध्ये केला, तो २००० पासून अमलात आला. तोवर दोन पिढ्या गेल्या.

दुसरे उदाहरण उलट बाजूचे, खानदेशचे. सुरतेत आपण खानदेशी फार. ताप्ती लाइनच्या गाडीत बसून आपले वाडवडील इकडे आले. आमचे आजोबा अमळनेरकडचे, कापूस लावायचे. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, आणि सरकारने हमी भाव द्यायचा. चाळीत भावाला छत होते, इथे भावाखाली ओटा होता. बाजार पडला की हा ओटा शेतकऱ्याला सावरायचा, यात शंका नाही. पण बाजार पडलेल्या वर्षी सारा कापूस केंद्रावर, गाड्यांच्या रांगा आणि सरकारला तोटा. बाजार चढलेल्या वर्षी मात्र कापूस रात्रीतून सीमेपलीकडे गुजरातेत आणि मध्य प्रदेशात. आजोबा हसून म्हणायचे, "जठे भाव, तठे कापूस." अर्थशास्त्राचा उरलेला अर्धा धडा त्यांनी अहिराणीत सांगून टाकला. सीमेवरचा नाका माणसाला अडवतो, भावाला अडवत नाही.

आता येऊ आपल्या हजीऱ्याला. कारण सरकारी भावाचा एवढा मोठा खेळ जिथे रोज चालतो, अशा गावात आपण राहतो, आणि आपल्या लक्षातही येत नाही.

माझे वडील १९८५ च्या सुमारास इथे कामाला आले. तेव्हा हजीरा म्हणजे खाडी, खाजण आणि चिखल. समुद्रातल्या वसई क्षेत्रातला गॅस ओएनजीसीने इथे आणला आणि शुद्ध करायला सुरुवात केली. इथून गेलच्या वाहिनीने तो मध्य प्रदेशातल्या विजयपूरला आणि पुढे उत्तर प्रदेशातल्या जगदीशपूरला निघाला. तीच प्रसिद्ध एचबीजे पाइपलाइन. त्यातला 'एच' म्हणजे आपला हजीरा. त्याच गॅसच्या भरवशावर कृभकोचा युरिया कारखाना उभा राहिला, १९८६ मध्ये त्याचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. पुढे २००५ मध्ये इथेच शेलचे टर्मिनल सुरू झाले आणि परदेशातून द्रवरूप गॅस जहाजाने येऊ लागला.

गंमत पाहा. एकाच किनाऱ्यावर एकच वायू, पण भाव दोन. देशातल्या जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा भाव सरकार ठरवते, जहाजातून येणाऱ्या गॅसचा भाव जग ठरवते. २०१४ मध्ये सरकारने परदेशी बाजारांच्या सरासरीवर सूत्र बसवले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्या सूत्राने एका मापाला, म्हणजे एमएमबीटीयूला, १.७९ डॉलर एवढाच भाव निघाला. एवढ्यात समुद्रात नवी विहीर खणायला कोण जाईल? दोनच वर्षांत, ऑक्टोबर २०२२ मध्ये, युक्रेन युद्धानंतर तोच भाव ८.५७ डॉलर झाला, आणि घरगुती गॅस व सीएनजी भरणारे हैराण झाले. मग किरीट पारीख समितीच्या अहवालानंतर एप्रिल २०२३ मध्ये भाव कच्च्या तेलाच्या दहा टक्के धरला, खाली ४ डॉलरचा ओटा आणि वर ६.५ डॉलरचे छत. एप्रिल २०२५ मध्ये छत ६.७५ झाले. ओटा विहीर खणणाऱ्यासाठी, छत चूल पेटवणाऱ्यासाठी. भाव कुठेही धावू द्यायचा नाही, पण खिळूनही टाकायचा नाही, असा हा मधला मार्ग आहे. तो मनात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

आता या गॅसपासून होणारा युरिया. युरियाच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा गॅसचाच. पण शेतकऱ्याला तो विकायचा भाव कारखाना ठरवत नाही, केंद्र सरकार ठरवते. कारखान्याचा खर्च आणि विक्रीचा भाव यांतली तूट सरकार भरून देते. ही पद्धत नोव्हेंबर १९७७ मध्ये मराठे समितीच्या शिफारशीवरून सुरू झाली. बघा, इथेही मराठी माणूस! त्यामागचा विचार सरळ होता. धान्य बाहेरून आणावे लागू नये, म्हणून खत स्वस्त हवे. आणि खत देशात तयार व्हावे, म्हणून कारखाना बुडता कामा नये. हजीऱ्यासारखे कारखाने त्याच धोरणावर उभे राहिले. आपली कॉलनी, आपल्या मुलांची शाळा, आपले हे मंडळ, यांच्या मुळाशी थोडातरी तो पैसा आहे. म्हणून मी पुढे जे बोलणार आहे ते बाहेरून केलेली टीका नव्हे. मी त्याच ताटात जेवलेला आहे.

युरियाचा भाव एप्रिल २०१० पूर्वी टनाला ४,८३० रुपये होता. तेव्हा तो ५,३१० झाला आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ५,३६०. तिथून तो हलला नाही. २०१८ पासून गोणी ५० ऐवजी ४५ किलोची झाली, शेतकरी दुकानात २६६ रुपये ५० पैसे मोजतो. म्हणजे किलोला सहा रुपयांहून कमी. घरी जाऊन मिठाच्या पुडीवरची किंमत बघा, त्याच्या चौपट निघेल. २०२३ मध्ये केंद्र सरकारनेच सांगितले की एका गोणीचा खरा खर्च २,२०० रुपयांच्या आसपास पडतो. २०२२-२३ ते २०२४-२५ या तीन वर्षांसाठी एकट्या युरियाच्या अनुदानाला ३ लाख ६८ हजार कोटींहून जास्त रक्कम मंजूर झाली. तो पैसा आकाशातून पडत नाही. आपल्या करांतूनच जातो.

बरे, पैसा गेला तर गेला, शेतकऱ्याचे तरी भले झाले का? काही अंशी झाले. पण भाव हा निरोप असतो असे मी म्हणालो ना? सहा रुपये किलोचा निरोप शेतकऱ्याला काय सांगतो? "टाक, अजून टाक, काही जात नाही." २०१० मध्ये सरकारने स्फुरद आणि पालाश या खतांचे अनुदान पोषणद्रव्यांवर बसवले आणि त्यांचे भाव बरेचसे मोकळे केले. युरिया मात्र त्यातून वगळला. एक खत महाग, दुसरे जागच्या जागी. साहजिकच शेतकरी युरियाकडे झुकला. नत्र, स्फुरद, पालाश साधारण चार-दोन-एक या प्रमाणात द्यावे असे आम्हाला पदविकेत शिकवले. शेतात ते प्रमाण बिघडले. पीक हिरवेगार दिसते, पण लुसलुशीत होऊन लोळते, किडीला बळी पडते. उरलेले नत्र पाण्यात झिरपते. ओलपाडकडे मी भातात आणि उसात हे पाहतो. माझे चुलते अमळनेरला तेच करतात. मी सांगितले की म्हणतात, "तू हजीऱ्याचा, तुझ्याच घरचे खत, आणि तूच नको म्हणतोस?"

दुसरा परिणाम तो आजोबांचा, जठे भाव तठे माल. युरिया फक्त शेतात लागत नाही. प्लायवुडच्या डिंकात लागतो. आपल्या सुरतेत कापडावर रिॲक्टिव्ह रंगाची छपाई करताना रंगाच्या लगद्यात ओल टिकवायला लागतो. कारखान्याने टेक्निकल ग्रेडचा युरिया बाजारभावाने घ्यायचा असतो. शेताचा युरिया त्याच्या कितीतरी पट स्वस्त. दोन भावांमध्ये एवढे अंतर असले की त्या फटीतून गोणी सरकतेच.

इथे मला एक अनुभव सांगायचा आहे. बऱ्याच वर्षांपूर्वीचा. गृहस्थ आता सुरतेत नाहीत आणि आपल्या मंडळाचे कधीच नव्हते, तेव्हा इकडेतिकडे पाहू नका. त्यांचा छपाईचा लहानसा धंदा होता. मला ते साहेब म्हणत नसत, भाऊ म्हणत. एकदा घरी आले, चहा झाला आणि म्हणाले, "भाऊ, पन्नास गोण्या लागतील. शेतकऱ्यांच्या नावावर निघतील, सगळे ठरले आहे. तुम्ही त्या दिवशी फक्त दुसऱ्या गावाला फेरी ठेवा." मी नाही म्हणालो. त्यांना राग आला नाही, आश्चर्य वाटले. म्हणाले, "यात तुमचा काय तोटा? शेतकऱ्याचाही नाही. त्यांना हवा तेवढा मिळतोच. सरकारचा पैसा आहे." मला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. "जमणार नाही" एवढेच म्हणालो आणि त्यांना दारापर्यंत सोडले.

उत्तर मला पुढच्या खरिपात मिळाले. पाऊस वेळेवर झाला, सगळ्यांची खताची वेळ एकाच आठवड्यात आली आणि साठा कमी पडला. एका दुकानासमोर माझी ड्यूटी होती. रांगेत आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन एक बाई उभ्या होत्या, पन्नाशीच्या. दुसऱ्याची जमीन भागाने करणाऱ्या. सकाळी सातपासून उभ्या. दुकानदार युरियाबरोबर आणखी एक बाटली घ्यायला लावत होता, ज्याला सगळे 'लिंकिंग' म्हणतात. मी ते थांबवले, पण तोवर साठाच संपला. बाई मला एवढेच म्हणाल्या, "साहेब, कालची मजुरी बुडाली, आजचीही बुडाली. दोनशे रुपये जास्त घ्या, पण आज द्या."

बंधूंनो, त्या क्षणी मला त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. तोटा कोणाचा? या बाईंचा. त्यांच्यासाठी २६६ रुपयांची गोणी २६६ ची नव्हतीच. दोन दिवसांची मजुरी धरून ती किती महाग पडली, ते कोणत्याही पाटीवर लिहिलेले नव्हते. ज्याच्यासाठी भाव बांधला, त्यालाच रांगेत उभे राहावे लागले. ज्याच्यासाठी तो बांधलाच नव्हता, त्याला माल घरपोच मिळण्याची सोय होती.

मग उपाय काय? उद्यापासून सगळे भाव मोकळे करावेत? मला तसे वाटत नाही. हार महाग झाला तर माणूस दुर्वा वाहून नमस्कार करतो, बाप्पा रागावत नाही. भाताला ऐन वेळी नत्र मिळाले नाही तर वर्ष जाते. जी वस्तू सोडता येत नाही, तिचा भाव एकदम आठपट झाला तर श्रीमंत शेतकरी घेईल आणि लहान शेतकरी कर्ज काढेल. भाव मोकळा करणे म्हणजे न्याय, असे समजू नये. बाजाराला खिसा दिसतो, गरज दिसत नाही. म्हणूनच सरकारला मध्ये पडावे लागते. प्रश्न आहे तो कसे पडावे, हा.

काही गोष्टी झाल्या आणि त्यांचा उपयोगही झाला. २०१५ पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या शेती युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा झाला. त्याने नत्र जमिनीत सावकाश सुटते, शिवाय असा युरिया ओळखता येतो आणि कारखान्यात वापरायला गैरसोयीचा होतो. २०१८ पर्यंत देशभर पॉस मशीन आली, ओळख पटवल्याशिवाय गोणीची विक्री नोंदवता येत नाही आणि विक्री झाल्यावरच अनुदान सुटते. गळती कमी झाली. पण दोन भावांतली फट तेवढीच आहे, तोवर पहारा वाढवून किती पुरणार? भोक पडलेल्या हंड्याखाली आपण वाटी धरतो आहोत.

माझे मत विचाराल तर सांगतो. भाव हळूहळू, आधी जाहीर करून, दरवर्षी थोडा वाढवावा, आणि जेवढा वाढेल तेवढा पैसा एकरी हिशेबाने शेतकऱ्याच्या खात्यात आधी जमा करावा. आधी, नंतर नव्हे. खिशात पैसा पेरणीपूर्वी हवा. मग तो ठरवील, युरिया घ्यायचा, शेणखत घ्यायचे की पालाश. गरिबाला मदतही मिळेल आणि भावाचा निरोपही खरा राहील. यात एक मोठी अडचण आहे, आणि ती मी लपवणार नाही. खात्यात पैसा सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या जाईल. त्या रांगेतल्या बाईंचे नाव सातबाऱ्यावर नाही. जमीन कसणाऱ्याची नोंद झाल्याशिवाय हा उपाय केला तर दुसरी रांग तयार होईल, आणि तिच्यातही त्या शेवटीच असतील. म्हणून आधी नोंद, मग पैसा, मग भाव. क्रम चुकला की चांगला उपायही अन्याय करतो.

आपल्यापैकी काही जण कारखान्यात आहेत, काही निवृत्त झाले, काहींचा व्यापार आहे, आणि बहुतेकांची गावाकडे थोडी शेती आहे. म्हणजे या भावाच्या दोन्ही टोकांना आपणच आहोत. गणपतीला गावी जाल तेव्हा भावाला, काकाला एवढे सांगा की माती तपासून घ्या आणि मगच गोणी उचला. व्यापार करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, स्वस्त गोणी दाराशी आली तर ती कोणाच्या रांगेतून आली, एवढे मनात आणा. आणि वर्तमानपत्रात कुठल्याही वस्तूचा भाव सरकारने बांधला असे वाचाल, तेव्हा लगेच टाळी वाजवू नका आणि लगेच शिवीही देऊ नका. दोन प्रश्न विचारा. हा माल घेऊन येणाऱ्याला परवडेल का? आणि रांगेत उभे कोण राहणार?

परवा मी फूलवाल्या मावशींकडे हार घ्यायला गेलो. साठ रुपये म्हणाल्या. मी हुज्जत घातली नाही, साठ दिले. घरी आल्यावर बायको म्हणाली, "पन्नासला मिळाला असता." तेव्हा मंडळी, अर्थशास्त्र कितीही शिकलो तरी शेवटचा भाव घरीच ठरतो.

 गणपती बाप्पा मोरया!